भाऊ गेल्यानंतरचा पहिला ईस्टर

सकाळचीवाट | ५ एप्रिल २०२५, रात्री १०.५०

दादाला जाऊन या महिन्यात सात महिने होतील. मागच्या सप्टेंबरात तो सोयाबीन पाहायला वावरात गेला. आभाळ भरून आलं, पाऊस सुरू झाला, म्हणून धुऱ्यावरच्या निंबाखाली उभा राहिला आणि वीज पडली. चव्वेचाळीस वर्षांचा होता. मी वर्ध्याला असते. फोन आला तेव्हा पोळ्या करत होते. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पोचायला साडेतीन तास लागले.

तलाठी आले, पंचनामा झाला, पुढे चार लाखांची मदतही मिळाली. सगळ्या कागदांवर कारण एकच, वीज पडून मृत्यू. भेटायला येणारे म्हणत, देवाची करणी. वाईट मनानं कुणीच म्हणत नव्हतं. पण आम्ही ख्रिस्ती. ज्याची करणी म्हणत होते त्याच्याचपुढे मला रात्री गुडघे टेकायचे होते. ते जमेना. आजही नीट जमत नाही.

कबर खणली तसतशी पाण्यानं भरत होती. काळी माती आणि सप्टेंबर महिना. पोरांनी बादल्यांनी पाणी उपसलं, तरी पेटी खाली टेकली तेव्हा पाण्याचा आवाज झाला. आमच्या गावात बायका स्मशानात जात नाहीत, आमच्या अकरा ख्रिस्ती घरांतल्याही जात नाहीत. मी हट्टानं गेले होते, आई घरीच होती. परत आल्यावर माझ्या तोंडून ते पाण्याचं निघून गेलं. आई म्हणाली, "त्याले ओल सहन होत नाही वं, खोकला होते त्याले." त्यानंतर तीन दिवस ती काही बोलली नाही.

शेजारच्या काकू रोज भाकर घेऊन यायच्या. त्यांनी आईचा हात धरून सांगितलं, "तुमच्याच घरात जन्म घेईन तो, पाह्यजा." त्यांची माया मला कळली. पण खरं सांगते, मला दादाचा जीव दुसऱ्या कुठल्या लेकरात नको आहे. मला दादाच हवा आहे. त्याच्या डाव्या हाताची तर्जनी अर्धीच होती, बारा वर्षांचा असताना कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये गेली. मी लहान असताना मला अंक शिकवताना बोटं मोजायचा आणि साडेनऊवर थांबायचा. तो हात मला हवा आहे.

तर प्रश्न असा. आम्ही दर रविवारी उभं राहून म्हणतो की शरीराच्या पुनरुत्थानावर, म्हणजे मेलेलं शरीर पुन्हा उठण्यावर, आमचा विश्वास आहे. मी लहानपणापासून पाठ म्हणत आले. सप्टेंबरनंतर त्यातला 'शरीराच्या' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. तिथे आत्म्याचं अमरत्व असं म्हटलेलं नाही, शरीर म्हटलं आहे. ते खरंच कुणाला दुःखात उपयोगी पडलंय का? की सभेत म्हणायचं ते वाक्य आणि घरी आल्यावर रडायचं ते रडणं, असं दोन्ही वेगळंच राहतं?

आता थोडं बायबलातल्या मार्थेबद्दल, कारण या महिन्यांत माझी सोबत तिनेच केली. योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय. लाजर आजारी आहे असा मार्था आणि मरीया या त्याच्या बहिणींनी निरोप पाठवला आणि तो ऐकूनही येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. बेथानीला पोचला तेव्हा लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. घरात बसायला आलेली माणसं, मरीया आत, आणि मार्था उठून गावाबाहेर त्याला गाठायला गेली. तिचं पहिलं वाक्य: "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मरता ना." हे वाक्य मी शंभरदा वाचलं असेल. कुणी गाळलं नाही ते, शास्त्रातच ठेवलं. आणि त्यानं तिला रागावलं नाही.

दोन आठवड्यांनी ईस्टर आहे, येशू मेलेल्यांतून उठला तो सण. आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, पहाटेची उपासना दफनभूमीतच होते. आईला न्यावं की नाही कळत नाही. कुणी अनुभवातून सांगेल का?

---

मोगरा_अमरावती | ५ एप्रिल, रात्री ११.३०

पेटीला पाणी लागल्याचा आवाज. ताई, मी पुढे वाचूच शकले नाही थोडा वेळ. उद्या सविस्तर लिहिते. आईला नक्की न्या.

---

वऱ्हाडीबाप्पू | ६ एप्रिल, सकाळी ६.१५

ताई, म्या सारं वाचलं. मी अकोल्याकडचा कास्तकार, गळ्यात माळ हाय, वारी करतो. तुमच्या धर्मातलं मले जास्त समजत नाही, पण भाऊ गेल्याचं समजते. माहा धाकटा गेला त्याले अकरा वर्स झाले.

आमच्याकडं गाडगेबाबाची गोष्ट सांगतात. कीर्तन चालू असतानी पोरगा गेल्याची बातमी आली, तं बाबा म्हनले का अशे कोट्यानं गेले, एकासाठी काय रडू, आन कीर्तन पुढं चालू ठेवलं. म्या ते ऐकून लय वर्स मनाले समजवत होतो. बाबा मोठे, आपन त्याईच्या पायाची धूळ. पन मले नाही जमलं. मी एकासाठीच रडलो. वाटे का आपली भक्ती कच्ची.

एक विचारतो, राग नका मानू. तुमच्यात कोनी बी पेरल्याचा दाखला देते, का दाना मातीत मरते तवा कोंब येते. माह्या शेजारी एक ख्रिस्ती मास्तर होते, ते सांगत. पन ताई, आमी पेरनारे मानसं. पाऊस दडी मारते तवा बी मातीत मरते ते मरतेच. दुबार पेरनी करा लागते, कर्ज काढून. मंग त्या दाखल्यानं आमाले धीर कसा येनार?

---

निळाई | ६ एप्रिल, सकाळी ९.४०

मी बौद्ध घरातली, पवनीकडची. आई २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनात गेली, शेवटचं तोंडही पाहता आलं नाही. मला किसा गोतमीच्या गोष्टीनं धरून ठेवलं. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी बाई. बुद्धांनी सांगितलं, ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातून मोहरी आण. ती दारोदार गेली, मोहरी सगळीकडे होती, पण तसं घर एकही नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिला कळलं की ती एकटी नाही. मग तिनं लेकराला निरोप दिला.

माझा प्रश्न टीका म्हणून घेऊ नका. गोतमी निरोप देऊ शकली, कारण तिनं परत मिळण्याची आशा सोडली. तुमच्या श्रद्धेत तर परत भेटण्याचं वचन आहे. त्यानं जखम उघडीच राहत नाही का?

---

सकाळचीवाट | ६ एप्रिल, दुपारी ३.०५

निळाई, तुमच्या आईबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तोंडही न पाहता निरोप देणं, ते मला झेपलं नसतं.

तुमचा प्रश्न दिवसभर डोक्यात आहे. हो, उघडी राहते. आशा नसती तर कदाचित लवकर खपली धरली असती. पण मला ती धरायला नको आहे, हेही खरं. सासरी आलेली मुलगी माहेरचा फोन वाजला की जशी हातातलं काम सोडते, तशी मी अजून आहे. याला जखम म्हणायचं की वाट पाहणं, मला सांगता येत नाही.

बाप्पू, तुमचा प्रश्न माझाही आहे. मी उत्तर द्यायच्या लायकीची नाही. कुणी जाणकार असेल तर लिहा.

---

तर्कसंगत | ६ एप्रिल, सायंकाळी ७.२०

मानसिक आधार म्हणून या कल्पनेचं मोल मला मान्य आहे, धागाकर्तीच्या दुःखाबद्दल आदरही आहे. पण खरं-खोटं बाजूला ठेवून 'आधार मिळतो म्हणून मानावं' हे प्रामाणिक आहे का, एवढंच विचारतो.

---

जुना_पाळक | ७ एप्रिल, पहाटे ५.३०

ताई, सलाम. मी वाशीमकडचा, चर्चचा निवृत्त पाळक. वय एकोणऐंशी. टाइप करायला वेळ लागतो, म्हणून रात्रभर थोडं थोडं लिहिलं. युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळकांचं महाविद्यालय, पुण्याला जायच्या आधी यवतमाळला होती, १९५३ ते १९८३. मी तिथलाच. तुमच्या भागातल्या गावांत आम्ही विद्यार्थी सायकलवर यायचो. कदाचित तुमच्या घरचं पाणीही प्यालो असेन.

आधी तर्कसंगत यांना. तुमचा प्रश्न येशूचा प्रेषित पौल यानं तुमच्याआधी विचारला आहे. बायबलातलं त्याचं करिंथकरांना पहिलं पत्र, पंधरावा अध्याय. येशूच्या मरणानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिलेला. तो सरळ म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे आणि आम्ही सगळ्या माणसांत लाचार. म्हणजे नुसता आधार म्हणून ही गोष्ट धरून ठेवायला तोच तयार नाही. घडलं असेल तर धरा, नसेल तर सोडा, असं तो म्हणतो. उठलेल्या येशूला पाहिलेल्या साक्षीदारांची यादी देतो आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत असं सांगतो. तुम्हाला पटेल की नाही ते मी ठरवू शकत नाही. पण आम्ही प्रश्न टाळून बसलेलो नाही.

बाप्पू, तुम्ही माझा चाळीस वर्षांचा उपदेश एका दुबार पेरणीनं अडवला, त्याबद्दल मनापासून आभार. मी तो दाखला किती वेळा दिला असेन आणि समोर बसलेल्या कास्तकाराच्या डोळ्यांत कधी नीट पाहिलं नाही. पौलही दाण्याबद्दलच बोलतो: तू जे पेरतोस ते उद्याचं रोप नसतं, नुसता दाणा असतो, आणि देव त्याला आपल्या इच्छेप्रमाणे अंग देतो. त्याचा जोर या शेवटच्या वाक्यावर आहे. उगवून येणं हा दाण्याचा गुण आहे असं तो म्हणतच नाही. देव देतो. आपल्या आत असं काही अमर आहे की जे आपोआप कोंब धरेल, अशी ख्रिस्ती श्रद्धा नाही. माणूस खरंच मरतो. पाऊस न आलेल्या वावरातल्या बियासारखा मरतो. आमची आशा एवढीच की ज्यानं पहिल्यांदा पेरलं तो वावर सोडून गेलेला नाही. दुबार पेरणी करणारा तोच. तुमच्या प्रश्नामुळे हे मला आज पहाटे सुचलं.

आता ताई, तुमचं. लोक देवाची करणी म्हणाले. याच अध्यायात पौल मरणाला काय म्हणतो पाहा. शेवटचा शत्रू. देवाचा निरोप्या म्हणत नाही, सेवकही म्हणत नाही, शत्रू म्हणतो. आणि लाजरच्या कबरेपाशी येशूचं जे झालं त्यासाठी योहानानं वापरलेल्या मूळ ग्रीक शब्दात संतापाची छटा आहे, घोडा फुरफुरतो तशी. आपल्या भाषांतरांत ती थोडी मऊ होते. तो तिथे रडला, आणि चिडलाही. थोड्या वेळात लाजरला उठवणार आहे हे ठाऊक असूनही रडला. म्हणजे उठणार आहे म्हणून रडू नये, हा हिशेब त्यालाच मान्य नव्हता.

इथे मला एक कबूल करायचं आहे. तीस वर्षं मी प्रेतयात्रांमध्ये सांगत आलो, रडू नका, तो प्रभूघरी आहे. २०१६ मध्ये माझी पत्नी गेली. माझ्याच मंडळीतल्या एका भल्या माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवून माझंच वाक्य मला सांगितलं. त्या दिवशी कळलं की मी किती लोकांना भाकरीऐवजी दगड दिले होते. पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलं ते नीट वाचा. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, एवढंच. खेद करू नका असं तो लिहीत नाही. आशा असलेल्याचाही खेद असतो, आणि तो काही लहान नसतो.

तुमच्या दादाच्या बोटाबद्दल. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. थोमा या शिष्याला त्यानं ते दाखवले, बोट घालायला सांगितलं. नवं शरीर, बंद दारांतून आत येणारं, तरी जुन्या जखमेची खूण तशीच. त्या शरीरानं भाजलेली मासळी खाल्ली, किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव करून शिष्यांसाठी न्याहारी तयार ठेवली. कबरेकडे आलेल्या मरीया मग्दालीनेनं आधी त्याला माळी समजलं, आणि ओळखलं ते त्यानं नावानं हाक मारल्यावर. तुमच्या दादाचं बोट अर्धं असेल की पूर्ण, मी सांगू शकत नाही. पण हात दादाचाच असेल, आणि तुम्हाला तो ओळखू येईल, हे मी माझ्या पत्नीच्या कबरेजवळ उभा राहूनही म्हणतो.

एक शेवटचं. याईराची बारा वर्षांची मुलगी मेली होती, त्या घरात येशू गेला. मार्कानं त्याचे शब्द त्याच्या घरच्या अरामी बोलीत तसेच ठेवलेत: "तलीथा कूम." मुली, ऊठ. यात मंत्र नाही, जड शब्द नाही. कुठलीही आई सकाळी लेकराला म्हणते ते. आणि लगेच पुढे काय सांगितलं? हिला खायला द्या. तुमच्या आईला हे जरूर सांगा. त्यांना माझ्या बाकीच्या लिहिण्यापेक्षा हेच लवकर कळेल.

---

मोगरा_अमरावती | ७ एप्रिल, सकाळी १०.१०

पाळकसाहेब, प्रिंट काढून ठेवते आहे. आम्ही कॅथलिक. आमच्याकडे २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळं कुटुंब कबरींवर जातं. आधी साफसफाई, चुना, झेंडूचे हार, मेणबत्त्या, मग फादर एकेक कबर आशीर्वादित करतात. माझ्या आजीला त्या दिवशी कबरीपाशी बसून घरच्या बातम्या सांगायची सवय होती. कुणाचं लग्न ठरलं, म्हैस कधी व्याली. लहानपणी मला ती भ्रमात आहे असं वाटायचं. आता माझाच मुलगा तिथे आहे, आणि मीही सांगते. दहावीचा निकाल मी त्यालाच आधी सांगितला, त्याच्या बहिणीचा.

ताई, बायकांनी स्मशानात जाऊ नये या रिवाजाबद्दल एक. चारही शुभवर्तमानं उघडून पाहा, रिकाम्या कबरेकडे पहाटे पहिल्यांदा कोण गेलं. चारहींत बायका. त्या घरी बसल्या असत्या तर निरोप कुणाला मिळाला असता?

---

अनामिक_कास्तकार | ८ एप्रिल, रात्री १.४०

रोज वाचतोय. लिहायचं नव्हतं.

माझे वडील २००६ साली गेले. शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचं ३,७५० कोटींचं पॅकेज आमच्या सहा जिल्ह्यांना मिळालं, ते वर्ष. कसे गेले ते यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी चौदा वर्षांचा होतो. आमचं घर ख्रिस्ती, वडील मंडळीत ढोलकी वाजवायचे. मूठमाती द्यायला जे पाळक आले त्यांनी एक स्तोत्र वाचलं आणि पुस्तक मिटलं. पुनरुत्थानाचा उतारा वाचला नाही. आईनं विचारलं तर म्हणाले, तो सगळ्यांसाठी नसतो.

त्यानंतर मी ईस्टरला कधी गेलो नाही. एकोणीस वर्षं. आई जाते, मी गाडीवर सोडतो आणि बाहेर थांबतो. बापाला बाहेर ठेवलेल्या ठिकाणी मी आत जाणार नाही, असं ठरवलं होतं.

ताई, तुमच्या दादाचं बोट तुम्हाला परत मिळेल असं वाचलं तेव्हा आनंदच झाला. मग वाटलं, माझ्या वडिलांची ढोलकी?

---

मोगरा_अमरावती | ८ एप्रिल, सकाळी ७.००

दादा, आधी हे: रात्री दीडला जागे आहात. फार जड झालं तर १४४१६ वर फोन करा, टेलि-मानस, सरकारची मानसिक आधाराची हेल्पलाइन, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. किंवा इथेच लिहा, मी पाहते आहे.

आमच्या चर्चचं सांगते, कारण चुका आमच्याकडेही झाल्यात. १९१७ च्या आमच्या धर्मकायद्यात अशा मृतांना ख्रिस्ती दफन नाकारायचा नियम होता. १९८३ च्या नव्या कायद्यातून तो काढला. १९९२ चा आमचा धर्मशिक्षणग्रंथ स्पष्ट सांगतो की त्यांच्या तारणाबद्दल आशा सोडू नये, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. अतोनात ताण, भीती, छळ यांखाली माणसाची जबाबदारी कमी होते, हेही त्यात लिहिलं आहे. २००६ साली कापसाचा भाव आणि सावकार पाहिलेल्या माणसाला यापेक्षा जास्त समजावायची गरज नाही.

---

वऱ्हाडीबाप्पू | ८ एप्रिल, सकाळी ७.४५

भाऊ, तुह्या बापाची ढोलकी देवानं ऐकली असंन. मी वारकरी मानूस, टाळ-मृदंगातलं मले समजते. वाजवनाऱ्याले तो इसरत नाही.

---

जुना_पाळक | ८ एप्रिल, दुपारी १२.१५

बाळा, मी तुझ्यापेक्षा शेहेचाळीस वर्षांनी मोठा आहे, म्हणून बाळा म्हणतो.

ज्या पाळकांनी पुस्तक मिटलं त्यांच्या वतीनं मी तुझी आणि तुझ्या आईची क्षमा मागतो. ते चुकले. पौल रोमकरांना लिहिताना यादी करतो: मरण, जीवन, देवदूत, अधिकारी, आताच्या गोष्टी, पुढच्या गोष्टी, उंची, खोली, आणि शेवटी कोणतीही दुसरी सृष्ट वस्तू. यांतलं काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही. त्या यादीत मरण सगळ्यांत पहिलं आहे, आणि कुठल्या प्रकारचं मरण, असा फाटा पौलानं फोडलेला नाही. आपण कोण फोडणार?

उतारा सगळ्यांसाठी असतो. तुझ्या वडिलांसाठी तो वाचायचा राहिला आहे, एवढंच झालं आहे. राहिलेलं काम करता येतं. तुझं गाव मला खासगी संदेशात कळव. उन्हाचं पाहून सकाळच्या बसनं येतो.

---

निळाई | ८ एप्रिल, रात्री ९.००

मी परवा विचारलं होतं की आशेनं जखम उघडी राहत नाही का. आज कास्तकार दादांचं वाचून वाटलं, काही जखमा निरोप दिल्यानं बंद होत नाहीत, कारण तिथे निरोप द्यायचाच राहिलेला असतो. मला माझी वाट बरोबर वाटते, पण तुमचीही आता थोडी दिसते.

---

सकाळचीवाट | २० एप्रिल, रात्री ८.३०

आज ईस्टर झाला. शुक्रवारी, गुड फ्रायडेला, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना होती, बारा ते तीन. बाहेर ऊन इतकं की टिनाचं छप्पर तडतडत होतं. चौथा उद्गार, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, तो वाचायची पाळी माझ्यावर आली. मी वाचला. आवाज फुटला नाही याचं मलाच नवल वाटलं.

आईला मी पाळकसाहेबांचं तलीथा कूम गुरुवारीच सांगितलं होतं. ती तूर पाखडत होती. "खायला द्या म्हने?" एवढंच विचारलं, आणि परत सूप हातात घेतलं.

आज पहाटे साडेचारला ती माझ्याआधी उठून तयार होती. वहिनीही निघाली. आम्हाला पाहून शेजारच्या दोन घरांतल्या बायकाही निघाल्या, एकमेकींना काही न सांगता. अर्धवट चंद्र अजून वर होता. दफनभूमीत आई पहिल्यांदाच आली, सत्तर वर्षांची होऊन.

काळ्या मातीचं माहीतच आहे, उन्हाळ्यात भेगा पडतात. दादाच्या कबरेला हात जाईल एवढी भेग पडली होती. सप्टेंबरात जिथे पाणी उपसलं तिथे आता कोरडीठक्क भेग. आई खाली बसली, आत हात घालून पाहिला. "वाळलं बरं झालं," म्हणाली. मला ते ऐकून किती हलकं वाटलं ते लिहिता येत नाही. सात महिने तिच्या मनात तो ओलाच होता.

मग ती तिथेच बसून राहिली. उपासना सुरू झाली, गाणं झालं. मंडळी "ख्रिस्त उठला आहे, खरोखर उठला आहे" म्हणत होती. तुम्हाला हे सांगायला हवं: दादाला रात्री शेतात पाणी द्यायला आईच उठवायची. आमच्याकडे मोटारीला वीज रात्री बारानंतर कधीतरी येते. आई अर्धवट झोपेत असायची, पंपाच्या पेटीवरचा दिवा लागला की त्याच्या खाटेपाशी जायची आणि हळूच म्हणायची, म्हणजे मुलं जागी होऊ नयेत. तीस वर्षांत शेकडो वेळा म्हणाली असेल.

आज तिनं कबरेवर हात ठेवला आणि तसंच, हळूच म्हणाली, "उठ रे बावा, लाईन आली."

रडली नाही. हुकूमही नव्हता तो, विनवणीही नव्हती. कधीतरी म्हणायचंच आहे ते आज म्हणून पाहिलं, असं. वहिनी माझा हात धरून उभी होती. पाळक थांबले होते, त्यांनी ऐकलं असावं, कारण पुढचं वचन वाचायला त्यांना वेळ लागला.

घरी आल्यावर आईनं सगळ्यांना उकडलेली अंडी आणि पोहे दिले. रात्री मी गुडघे टेकले. मार्थेचं वाक्यच म्हटलं, दुसरं काही नाही. पण पूर्ण म्हटलं, मध्ये थांबले नाही.

---

मोगरा_अमरावती | २० एप्रिल, रात्री ८.५०

काहीच लिहू शकत नाही. आईंना नमस्कार.

---

वऱ्हाडीबाप्पू | २१ एप्रिल, सकाळी ६.००

लाईन आली. माय, माय. ताई, तुमच्या आईचे पाय मनातून धरले म्या.

---

अनामिक_कास्तकार | २७ एप्रिल, रात्री ९.१५

ईस्टरला मी आत गेलो नाही. लगेच जमलं नाही.

आज पाळकसाहेब वाशीमहून बसनं आले. सोबत नात होती, तिनं छत्री धरली. स्टँडवरून मी गाडीवर आणलं. आईनं नवं लुगडं नेसलं होतं. आम्ही तिघं-चौघंच, वडिलांच्या कबरेपाशी. मी आधी म्हटलं, थोडंसंच वाचा साहेब, ऊन आहे. ते म्हणाले, एकोणीस वर्षं थांबलात, थोडंसं कसं चालेल? पंधरावा अध्याय अख्खा वाचला, अठ्ठावन्न वचनं, उभं राहून. मध्ये दोनदा पाणी प्यायले. "अरे मरणा, तुझी नांगी कोठे?" या ओळीला त्यांचा आवाज इतका मोठा झाला की पलीकडच्या वावरात पऱ्हाट्या उपटणारा माणूस थांबला. त्याला काय चाललंय ते माहीत नव्हतं. त्यानं डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला आणि वाचून होईपर्यंत तसाच उभा राहिला.

ढोलकी घरी माळ्यावर आहे. आईनं आज ती खाली काढायला सांगितली. शाई सुटली आहे, वाद्या तुटल्यात. उद्या दारव्ह्याला दुरुस्तीला नेतो.